विक्री वाढत होती, मग एजन्सी का सोडली? पुण्यातल्या एका वितरक कुटुंबाचं प्रकरण

पुण्याच्या पेठांमधल्या दुकानांना साबण, टूथपेस्ट, शाम्पू आणि चहा पुरवणाऱ्या एका कुटुंबाने 2022 च्या दिवाळीनंतर एका बहुराष्ट्रीय कंपनीची एजन्सी स्वतःहून सोडली. एजन्सी तीन पिढ्यांची होती. विक्री वाढत होती आणि कंपनी आणखी मोठा भाग देऊ करत होती. तरीही ती का सोडली, त्याआधी कोणते पर्याय तपासले आणि सोडल्यावर काय झालं, ते इथे सविस्तर मांडतो.

हिशेबाच्या कामात मी या कुटुंबाबरोबर होतो आणि त्यांच्या संमतीनेच लिहितो आहे. कंपनीचं नाव आणि खऱ्या रकमा दिलेल्या नाहीत, भागाचे काही तपशील बदलले आहेत आणि आकडे प्रमाणात मांडले आहेत. माणसांना घरातल्या हाकेनेच ओळखू. अण्णा म्हणजे मालक, वय सदुसष्ट. काका त्यांचे धाकटे भाऊ, बाजार सांभाळणारे. ताई अण्णांची मुलगी, बी.कॉम. होऊन काही वर्षं बँकेत नोकरी केलेली, आता एजन्सीचं ऑफिस बघणारी.

पार्श्वभूमी: माल कंपनीचा, पैसा कोणाचा?

हे प्रकरण समजायला या कंपन्या भारतात कशा रुजल्या ते थोडं मागे जाऊन बघावं लागतं. 1888 साली कोलकात्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. त्यांवर ‘मेड इन इंग्लंड बाय लिव्हर ब्रदर्स’ असा छाप होता. 1895 मध्ये लाइफबॉय आला. 1930 मध्ये लिव्हर ब्रदर्स आणि नेदरलँड्सची मार्गारिन युनी मिळून युनिलिव्हर उभी राहिली. तिने भारतात एकामागून एक तीन कंपन्या काढल्या: 1931 मध्ये हिंदुस्थान वनस्पती, 1933 मध्ये लिव्हर ब्रदर्स इंडिया, 1935 मध्ये युनायटेड ट्रेडर्स. 1956 मध्ये तिन्ही एकत्र होऊन हिंदुस्थान लिव्हर झाली आणि तिचे 10 टक्के शेअर भारतीयांना विकले गेले. कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी 1937 ची. नेस्ले 1912 पासून इथे माल विकत होती, तिचा मोगा इथला कारखाना 1961 चा.

या सगळ्या काळात एक व्यवस्था टिकून राहिली. कारखाना आणि ब्रँड कंपनीचा, पण शहराशहरात माल साठवायचा, त्याचे पैसे आधी भरायचे आणि दुकानदाराला उधारी द्यायची, हे काम स्थानिक व्यापाऱ्याचं. ही रचना हुशारीची आहे, यात मला शंका नाही. हिंदुस्थान युनिलिव्हरचा (हिंदुस्थान लिव्हरचं आजचं नाव) ताळेबंद बघितला तर खेळतं भांडवल बहुतेक वर्षी उणे दिसतं. विकणाऱ्यांकडून पैसा लवकर येतो आणि पुरवठादारांना नंतर जातो. पण ज्या दिवसांचा पैसा कंपनीला घालावा लागत नाही, तो कोणीतरी घालतच असतं. त्यातला मोठा हिस्सा वितरक घालतो. हे प्रकरण त्याच दिवसांचं आहे.

1973 च्या फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवल साधारण 40 टक्क्यांवर आणायला लावलं. कोका-कोला 1977 मध्ये निघून गेली, कोलगेट 40 टक्क्यांवर आली, हिंदुस्थान लिव्हरने निर्यात आणि रसायनं यांच्या आधारावर 51 टक्के राखले. दिल्लीत कायदा बदलला तरी गोदामातलं काम बदललं नाही. ते बदललं अहमदाबादच्या करसनभाई पटेलांमुळे. त्यांनी 1969 मध्ये सुरू केलेली निरमा पावडर हिंदुस्थान लिव्हरच्या सर्फच्या कितीतरी कमी दरात घरोघरी पोचली. हिंदुस्थान लिव्हरचं उत्तर 1987 मध्ये व्हील म्हणून आलं. त्यानंतर दर कंपनीने महाग, मध्यम आणि स्वस्त अशी उतरंड लावली आणि शाम्पूच्या पुड्या सगळीकडे पसरल्या. 1993 मध्ये टाटांची साबण-तेलाची कंपनी टॉम्को हिंदुस्थान लिव्हरमध्ये आली, पुढे ब्रूक बॉण्ड आणि लॅक्मे आले. सगळ्याच कंपन्यांची यादी लांबत गेली. अण्णा सांगतात, त्यांच्या वडिलांच्या वेळी सगळा माल एका वहीच्या पानावर मावायचा. 2022 मध्ये त्याच कंपनीच्या मालाचे काहीशे प्रकार गोदामात होते आणि प्रत्येकाचा थोडा थोडा साठा ठेवावाच लागायचा.

एजन्सी

अण्णांच्या वडिलांचं शनिवार पेठेतलं किराणा दुकान 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात गेलं. पुन्हा उभं राहताना त्यांनी दुकानाऐवजी घाऊक व्यापार धरला आणि काही वर्षांत ही एजन्सी मिळवली. सत्तरच्या दशकात मालाची टंचाई असे, तेव्हा एजन्सीवाल्याला बाजारात मोठा मान होता. दुकानदार सकाळपासून येऊन बसत आणि पैसे रोख मिळत. मुलगी बघायला आलेले लोकही ‘अमक्या कंपनीचे एजंट’ एवढं ऐकून समाधानी होत, असं काका सांगतात.

अण्णांनी जकात नाक्यांचा काळ काढला. 2013 मध्ये जकातीच्या जागी आलेल्या एलबीटी या स्थानिक कराविरुद्धचे बंद बघितले आणि जुलै 2017 ला जीएसटी बसवून घेतला. एप्रिल 2020 मध्ये मध्यवर्ती पेठा सील झाल्या तेव्हा पास काढून माल पोचवला. त्या महिन्यांत कंपनीने त्यांना प्रशस्तिपत्र दिलं. ते अजून ऑफिसात लावलेलं आहे आणि ते योग्यच आहे. माल पोचवणं ही खरी सेवा होती.

अडचण

2021 पासून दोन बाजूंनी ताण आला.

पहिला ताण बाजारातून आला. मोठ्या भांडवलाच्या बी-टू-बी कंपन्या ॲपवरून थेट किराणा दुकानदाराला माल देऊ लागल्या. वितरकांच्या देशव्यापी संघटनेचं म्हणणं होतं, की वितरकाकडून दुकानदाराला 8 ते 12 टक्के मार्जिन मिळतं, तर या कंपन्या 15 ते 20 टक्के देतात. वितरकाचं स्वतःचं मार्जिन मोठ्या कंपन्यांत साधारण 3 ते 5 टक्के. म्हणजे स्वतःचं सगळं मार्जिन दिलं तरी त्याला तो दर गाठता येत नाही. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही कंपन्यांचा निवडक माल उचलायचं थांबवलं होतं, त्याचं मूळ हेच.

दुसरा ताण कंपनीकडून आला, आणि तो बक्षिसाच्या रूपात आला. सिंहगड रस्त्याच्या बाजूचा एक वितरक काम सोडत होता. जून 2022 मध्ये कंपनीचे एरिया मॅनेजर ऑफिसात आले. म्हणाले, “अण्णा, धायरी, नऱ्हे, नांदेड गाव सगळं तुम्ही घ्या. तुमच्या नावावर मी वरून मंजुरी आणतो.” धायरी 2017 मध्ये आणि नऱ्हे, नांदेड 2021 मध्ये महापालिकेत आले, लोकवस्ती झपाट्याने वाढलेली. भाग चांगला होता. अटही होती. नवं गोदाम, जास्तीच्या गाड्या, सेल्समन वाढवायचे आणि साठ्यासाठी भांडवल जवळपास दुप्पट करायचं. उत्तर दिवाळीपर्यंत हवं होतं.

काकांना होय म्हणायचं होतं. अण्णांनाही मनातून तेच वाटत होतं. ताई म्हणाली, “अण्णा, तुम्ही होय म्हणा, पण आधी मला दोन महिने द्या. आपण दर महिन्याला किती विकतो ते आपल्याला माहीत आहे. आपला पैसा किती दिवसांनी परत येतो, ते आपण कधी मोजलेलंच नाही.”

या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात मोलाचा निर्णय मला हा वाटतो. होय किंवा नाही ठरवण्याआधी कशाने मोजायचं ते ठरलं.

हिशेब

कंपनी दर वर्षी वितरकाला परताव्याचा एक तक्ता भरून देत असे. त्यात भांडवलावर वर्षाला 36 टक्के परतावा दिसायचा. ताईने तोच तक्ता समोर ठेवला आणि प्रत्येक ओळीपुढे प्रत्यक्षातला आकडा लिहिला.

महिन्याची विक्री 100 रुपये धरू. मार्जिन साडेचार रुपये. पगार, गाडी, डिझेल, गोदामाचं भाडं, हमाली आणि माथाडी मंडळाची लेव्ही मिळून खर्च 2 रुपये 60 पैसे. उरले 1 रुपया 90 पैसे. कंपनीच्या तक्त्यात साठा 12 दिवसांचा आणि बाजारातली उधारी 7 दिवसांची, असे 19 दिवस धरलेले होते. दिवसाला 3 रुपये 33 पैशांची विक्री, म्हणजे गुंतलेला पैसा सुमारे 63 रुपये. त्यावर महिन्याला 1.90, म्हणजे महिना 3 टक्के आणि वर्षाला 36. गणितात चूक नाही.

आता प्रत्यक्ष. साठा सरासरी 20 दिवसांचा निघाला, कारण महिनाअखेरीला टार्गेट पुरं करण्यासाठी माल उचलला जायचा आणि न खपणारे प्रकारही घ्यावे लागायचे. उधारी 14 दिवसांची. पेठेतला छोटा दुकानदार पुढच्या फेरीला पैसे देतो, पण सेल्फ-सर्व्हिसची मोठी दुकानं तीन तीन आठवडे लावतात. तिसरी ओळ तक्त्यात नव्हतीच: क्लेम. स्कीमचे, म्हणजे कंपनीने जाहीर केलेल्या सवलतीचे पैसे वितरक आधी दुकानदाराला सोडतो आणि मग कंपनीकडे मागतो. फुटका माल, मुदत संपलेला माल, किंमत उतरल्यावरचा फरक, सगळं याच रांगेत. हे सगळं विक्रीच्या मापात मांडलं तर सरासरी 10 दिवसांचा पैसा क्लेममध्ये अडकलेला होता.

एकूण 44 दिवस. गुंतलेला पैसा 63 नव्हे, 147 रुपये.

नफ्याच्या बाजूलाही गळती होती. टार्गेटसाठी शेवटच्या चार-पाच दिवसांत माल भवानी पेठ, नाना पेठेतल्या होलसेलवाल्यांना जायचा आणि तो खपावा म्हणून एजन्सी स्वतःच्या मार्जिनमधला भाग सोडून द्यायची. बाजारात याला ‘पास करणं’ म्हणतात. सगळे करतात, म्हणून कोणी वहीत वेगळं लिहीत नाही. ताईने दोन महिने वेगळं लिहिलं. सरासरी 60 पैसे निघाले. म्हणजे उरलेला नफा 1 रुपया 30 पैसे. 147 वर 1.30 म्हणजे महिन्याला 0.88 टक्के, वर्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास.

बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी तारणावर मिळणारं फिरतं कर्ज, त्याच सुमाराला साधारण 10 टक्क्यांनी होती आणि चढत होती. रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. नव्या भागासाठी लागणारं भांडवल कर्जाने यायचं होतं. म्हणजे कुटुंब वर्षभर राबून बँकेचं व्याज जेमतेम फेडणार होतं, आणि मुदत संपलेल्या मालाचा, बुडीत उधारीचा, गाडीच्या अपघाताचा धोका स्वतःच्या घरावर घेणार होतं. कॅश क्रेडिटला तारण घरच होतं.

हा कागद बघून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, “हे कधीपासून असं आहे?” जुन्या वह्यांवरून अंदाज काढता आला. सत्तर-ऐंशीच्या दशकात उधारी नव्हती आणि स्कीमही क्वचित असत. पैसा आठवड्या-दीड आठवड्यात फिरायचा. मार्जिनची टक्केवारी तेव्हाही अशीच होती. बदलले ते दिवस, आणि टर्नओव्हर वाढत राहिल्याने ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पर्याय

बैठकीला अण्णा, काका, ताई आणि मी होतो. जुन्या सेल्समनपैकी एकाला बोलवावं असं ताईने सुचवलं होतं, ते झालं नाही. त्याकडे शेवटी येतो.

पहिला पर्याय, नवा भाग घेणं. काकांची बाजू कमकुवत नव्हती. धायरी-नऱ्ह्यात वस्ती वाढणार, मोठ्या वितरकाला कंपनी जास्त ऐकते, आणि नाही म्हटलं तर आहे तो भागही जाईल. “अगं, कागदावर सगळंच महाग दिसतं. बाजारात नाव असलं की चार कंपन्या मागे येतात,” हे त्यांचं म्हणणं. ताईने नवा भागच तेवढा तपासला. तिथे मोठी दुकानं जास्त, म्हणजे उधारी 14 दिवसांहून लांबणार. भाग जितका वाढेल तितका परतावा खाली जाणार.

दुसरा पर्याय, अटी घालून राहणं. क्लेम 15 दिवसांत, खपेल तेवढाच साठा, महिनाअखेरीची सक्ती नाही. तत्त्वतः हाच सगळ्यात चांगला पर्याय होता आणि मी त्याच्याच बाजूने होतो.

तिसरा, संघटनेबरोबर दबाव वाढवणं. जानेवारीतल्या आंदोलनाने वितरकांचं म्हणणं वर्तमानपत्रांत आलं, हे खरं. पण बी-टू-बीच्या दरफरकावर तोडगा निघाला तरी क्लेमचे आणि साठ्याचे दिवस कमी होणार नव्हते.

चौथा, कायद्याचा आधार. विलंबित देयकांवर व्याज मिळवून देणारा सूक्ष्म व लघु उद्योगांचा कायदा आहे, तो लावावा अशी अण्णांची सूचना होती. जुलै 2021 मध्ये सरकारने घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीत (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) घेतलं, पण फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. थकीत देयकांचं संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही. म्हणजे कंपनीला बाटल्यांची झाकणं पुरवणारा छोटा कारखानदार 45 दिवसांनंतर व्याज मागू शकतो, पण तिच्या स्कीमचे पैसे स्वतःच्या खिशातून देणारा वितरक नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. साठ्याचा भार उचलणारा माणूस यातून सुटायला नको होता.

पाचवा, एजन्सी सोडणं आणि तोच पैसा कमी साठ्याच्या, जास्त मार्जिनच्या देशी कंपन्यांमध्ये लावणं. यात ब्रँडची ओढ कमी. दुकानदार मागत नाही, त्याच्या गळी उतरवावं लागतं.

निर्णय आणि कृती

आधी दुसरा पर्याय करून बघायचं ठरलं. ऑगस्टमध्ये अण्णा आणि ताई कंपनीच्या विभागीय कार्यालयात जाऊन आले. ताईने 44 दिवसांचा कागद नेला होता. मॅनेजर नीट बोलले, कागद ठेवून घेतला, क्लेम लवकर काढण्याचं तोंडी आश्वासन दिलं. लेखी काहीच दिलं नाही. साठ्याची पातळी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून ठरते, स्थानिक पातळीवर ती बदलता येत नाही, असं उत्तर मिळालं. ते खरंही असेल. तो अधिकार त्या माणसाच्या हातात नव्हता, आणि ज्याच्या हातात होता तो पुण्यात बसत नव्हता.

यानंतरची घटना निर्णायक ठरली. त्या वर्षी पामतेलाचे भाव कडाडले होते. युक्रेनचं युद्ध आणि 28 एप्रिल ते 23 मे या काळातली इंडोनेशियाची निर्यातबंदी यांनी साबणाच्या किमती वर गेल्या होत्या. वर्षाच्या उत्तरार्धात तेल उतरलं आणि ऑक्टोबरच्या सुमाराला साबणाचे दर खाली आणले गेले. एजन्सीच्या गोदामात जुन्या, चढ्या एमआरपीच्या पेट्या होत्या. दुकानदार नव्या दरानेच घेणार. फरकाचा क्लेम पुन्हा त्याच रांगेत लागला. काका स्वतः म्हणाले, “आता बास.” बाजारात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा शब्द ताईच्या कागदाइतकाच वजनदार होता.

नोव्हेंबरमध्ये लेखी पत्र गेलं. करारात 30 दिवसांची नोटीस होती, पण कुटुंबाने चार महिन्यांची मुदत दिली आणि तेवढ्या काळाचा कार्यक्रम आखला. टार्गेटसाठी माल उचलणं पहिल्या दिवसापासून बंद केलं. शिल्लक साठा खपवत आणला. परत जाण्याजोगा माल कंपनीला परत पाठवला. बाजारातली उधारी बीटप्रमाणे (सेल्समनच्या ठरलेल्या फेरीप्रमाणे) याद्या करून वसूल केली. प्रत्येक क्लेम तारखेसह, बिलाच्या प्रतीसह ईमेलने पुन्हा पाठवला. आणि शेवटचा मालाचा हप्ता भरण्याआधी थकीत क्लेमची बाकी कंपनीकडून सही करून घेतली. ही शेवटची गोष्ट ताईचा हट्ट होता. पुढे जे पैसे मिळाले ते त्या सहीच्या कागदावरच मिळाले.

मार्च 2023 अखेर एजन्सी संपली.

पुढे काय झालं

वितरणाचा धंदा त्यांनी सोडला नाही. तीन देशी कंपन्यांचं काम घेतलं: मसाले, पापड-फरसाण आणि आयुर्वेदिक दंतमंजन आणि केसांचं तेल करणारी एक छोटी कंपनी. गोदाम निम्मं झालं. विक्री आधीच्या निम्म्याहूनही खाली आली. मार्जिन मात्र 8 टक्क्यांच्या पुढे गेलं, आणि साठा व उधारी मिळून पैसा तीन आठवड्यांच्या आत फिरू लागला. दुसऱ्या वर्षाअखेर निव्वळ नफा जुन्या नफ्याच्या जवळ पोचला. कॅश क्रेडिट बंद झाली आणि घराचे कागद बँकेतून परत आले.

सगळं सुरळीत मात्र झालं नाही. दंतमंजन चाललंच नाही. दुकानदारांनी मांडलं, गिऱ्हाइकाने उचललं नाही, आणि सात-आठ महिन्यांत ते बंद करावं लागलं. पहिले सहा महिने काही जुनी दुकानं दारही उघडेनात, कारण ज्या साबणासाठी ते यांना विचारत तो आता दुसरीकडून येत होता. अण्णांना त्रास झाला तो वेगळाच. व्यापारी संघाच्या बैठकीत लोक विचारत, “काय अण्णा, एजन्सी गेली म्हणे?” गेली नाही, सोडली, हे सांगून सांगून ते थकले. या गोष्टीला हिशेबात ओळ नाही, पण निर्णय घेताना तिचंही वजन धरावं लागतं. कुटुंबाने ते धरलं होतं.

थकीत क्लेमपैकी बराच मोठा भाग मिळाला, पण त्याला वर्षाहून जास्त लागलं. उरलेला सोडून दिला.

22 सप्टेंबर 2025 ला साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकासाठी चांगलंच झालं. वितरकाचं गणित पाहा. गोदामातल्या 100 रुपयांच्या मालावर 18 रुपये कर भरलेला. तोच माल साडेचार टक्के मार्जिनने विकताना वसूल होणार 5 रुपये 23 पैसे. जवळपास पावणेतेरा रुपये क्रेडिट म्हणून, म्हणजे आधी भरलेल्या कराची जमा म्हणून, जीएसटीच्या खात्यात पडून राहणार. त्याच मालाचा दर उतरल्यामुळे साठलेलं क्रेडिट रोख परत मिळत नाही. ते पुढच्या करातून वळतं होत राहतं, आणि 5 टक्के दरात खरेदी-विक्रीचा फरकच इतका लहान असतो, की 100 रुपयांच्या खरेदीमागे 20-25 पैसेच वळते होतात. म्हणजे त्या वेळी ज्याच्याकडे जितक्या दिवसांचा साठा, तितका त्याचा पैसा वर्षानुवर्षं अडकला. या कुटुंबाकडे अशा मालात फक्त केसांचं तेल होतं, तेही आठ-नऊ दिवसांचं. नव्या करारांत किंमतफरक पुढच्याच बिलात वळता करायची अट होती, त्यामुळे एमआरपी बदलाचा गोंधळही आठवड्यात आटोपला. जुना 20 दिवसांचा साबण-पेस्टचा साठा असता तर काय झालं असतं, हे ताईने काकांना कागदावर दाखवलं.

वेगळं काय करता आलं असतं

क्लेमची वेगळी वही 2017 पासूनच हवी होती. जीएसटीनंतर प्रत्येक स्कीमचं बिल वेगळं निघत होतं, म्हणजे माहिती होतीच, फक्त तिची बेरीज कोणी करत नव्हतं. ही बेरीज दर महिन्याला झाली असती, तर 44 दिवसांचा आकडा पाच वर्षं आधी दिसला असता आणि अटी घालण्याची ताकदही तेव्हा जास्त होती. कुठल्याही मोठ्या कंपनीचा वितरक आज तीन आकडे महिन्याच्या पहिल्या तारखेला काढू शकतो: साठा किती दिवसांचा, उधारी किती दिवसांची, क्लेम किती दिवसांचे. त्यांची बेरीज आणि बँकेचा दर शेजारी ठेवला की पुरे.

अटींवर बोलणी करायची ती कंपनीला गरज असताना. जून 2022 मध्ये कंपनीला धायरी-नऱ्ह्यासाठी माणूस हवा होता. तेव्हा लगेच लेखी अटी मांडायला हव्या होत्या. हिशेब पुरा होईपर्यंत थांबून ऑगस्टमध्ये गेल्यावर समोरच्याकडे दुसरा उमेदवार आलेला होता. अर्धवट हिशेबावरही दोन मोठ्या अटी मांडता आल्या असत्या.

देशी कंपन्या निवडताना दुकानदारांना आधी विचारायला हवं होतं. पेठेतल्या वीस-पंचवीस दुकानांत दंतमंजनाची नमुन्याची पेटी महिनाभर ठेवून बघितली असती, तर भांडवल त्यात गेलंच नसतं.

आणि सेल्समन. अकरा माणसं कामाला होती, त्यातले चार वीस वर्षांहून जास्त काळ. निर्णय त्यांना डिसेंबरमध्ये कळला, तोही बाजारातून. ग्रॅच्युइटी सगळ्यांना कायद्याप्रमाणे, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने, पुरी दिली गेली. त्यात कुटुंबाने काहीही कमी केलं नाही. पण ज्या बैठकीत पर्याय मांडले गेले, तिथे त्यांच्यापैकी एक जण बसला असता, तर दोन गोष्टी झाल्या असत्या. कोणती दुकानं उधारी बुडवणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं, ते कळलं असतं. आणि सिंहगड रस्त्याच्या नव्या वितरकाकडे त्यांची सोय करून देण्याचं बोलणं नोव्हेंबरमध्येच सुरू झालं असतं. तिघं तिथे लागले, पण मे उजाडल्यावर, मधला महिना घरी बसून. एकजण पुन्हा या धंद्यात आलाच नाही, आता एका सोसायटीत वॉचमन आहे. अण्णा दिवाळीला त्याच्याकडे फराळ घेऊन जातात.

सध्या एका दुसऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीने पेठांसाठी विचारणा केली आहे. काकांना ती घ्यायची आहे. ताईने त्यांच्याकडे तीनच गोष्टी लेखी मागितल्या आहेत: क्लेमची मुदत, न खपलेला माल परत घेण्याची अट आणि किंमतफरक पुढच्या बिलात. पहिल्या दोन मान्य झाल्या आहेत, तिसरीवर बोलणं चालू आहे.